हाताजोगती लेखणी

चांदूरबाजारहून मोर्शीकडे निघालं की दोन्ही अंगांनी संत्र्याच्या बागा लागतात आणि त्यांच्यामध्ये रिद्धपूर येतं. श्रीगोविंदप्रभू याच गावात वावरले, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी त्यांना गुरू मानलं ते इथेच. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, स्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, तेही रिद्धपुरात. महदाइसेच्या धवळ्यांचं गावही हेच. मराठी गद्याचा उगम दाखवा म्हटलं की बोट आपोआप इकडे वळतं. म्हणून तर राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठासाठी हे गाव निवडलं. २०२४ मध्ये विद्यापीठाला पहिले कुलगुरू मिळाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

रिद्धपुरात काय लिहिलं गेलं यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते लेखणी धरणाऱ्या हाताबद्दल, आणि त्यातही ज्या हाताला लेखणी धरवत नाही त्याबद्दल. रिद्धपुराच्या पश्चिमेला, परतवाड्याजवळ कोठारा इथे, लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. दक्षिणेला, अमरावती शहरालगत, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभं केलेलं तपोवन आहे. मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथाचं गाव आणि बोटं गमावलेल्या माणसांची ही दोन ठिकाणं एकाच जिल्ह्यात, गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. ती एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात असं मला मनापासून वाटतं, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हात समजून घेऊ. पेन धरतो ती तीन बोटं: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. अंगठा समोरून दाबतो, तर्जनी वरून वळण देते, मधलं बोट खालून आधार देतं. अनामिका आणि करंगळी कागदावर टेकून सगळ्याचा भार घेतात. या तीन बोटांना स्पर्श कळतो तो मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या मज्जातंतूमुळे. करंगळीची आणि तिच्या शेजारची बाजू सांभाळतो तो कोपराला ठेच लागली की झिणझिण्या आणणारा तंतू. हाताच्या आतले बारीक स्नायू बहुतांशी याच दुसऱ्या तंतूच्या हुकमतीत असतात. कुष्ठरोगाचा जंतू थंड, कातडीलगतच्या जागा शोधतो आणि कोपरापाशी, मनगटापाशी नेमके हे दोन तंतू वर आलेले असतात. कोपरापाशी मार बसला की करंगळी-अनामिका वाकतात, चिमूट ढिली पडते. मनगटापाशीही बसला की अंगठा इतर बोटांसमोर येतच नाही आणि लिहिणारी तिन्ही बोटं बधिर होतात.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतात, आजार पसरत नाही. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. पण मेलेला तंतू गोळीने जिवंत होत नाही. माणूस बरा होतो, त्याचा दाखला मिळतो, आणि हात मात्र वाकलेला, मुका राहतो. वऱ्हाडात अशा हातांची माणसं आजही आहेत. काही तिशी-चाळिशीतली आहेत, काहींची मुलं शाळेत शिकतात.

या बधिर हाताचं कोडं सोडवणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. पॉल ब्रँड यांचं घ्यावं लागतं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेला हा शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. तोपर्यंत समज असा होता की कुष्ठरोगाने मांस सडतं आणि बोटं झडतात. ब्रँडना ते पटेना. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना स्वतःला उघडेना. शेजारच्या एका किरकोळ अंगाच्या रुग्ण मुलाने किल्ली घेतली, फिरवली, कुलूप उघडलं. खाली रक्ताचे थेंब पडले तेव्हा कळलं, किल्लीच्या धारेने मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. दुखत नसल्यामुळे हे हात गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतात; बोटं रोगाने झडत नाहीत, वापरातल्या इजांनी झिजतात, हे ब्रँडनी दाखवून दिलं. १९४८ पासून ते एका ठिकाणचा धडधाकट स्नायूबंध सोडवून दुसरीकडे वळवू लागले आणि वाकलेली बोटं पुन्हा उघडू लागली. महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंटिया यांनी पुढे नेलं. शस्त्रक्रियेइतकंच मोलाचं दुसरं काम ब्रँडनी केलं: सुतारकामाची हत्यारं बदलली. मुठी जाड केल्या, त्यांच्या बोचऱ्या कडा घालवल्या, गुळगुळीत केल्या.

आता हीच नजर पेनाकडे वळवा. साधं बॉलपेन सात-आठ मिलिमीटर जाडीचं असतं. धडधाकट बोट ते अलगद धरतं, कारण निसटतंय की नाही हे त्याला कातडीवरून समजत असतं. बधिर बोटाला ते समजत नाही. ते आवळत राहतं. त्यात बॉलपेनला स्वतःचा दाब लागतो. शाई घट्ट असते, गोळी फिरवायला पेन उभं धरून रेटावं लागतं. बारीक दांडा, वर दाब, आणि दुखण्याची सूचना देणारं कुणी नाही. पानभर लिहून झालं की मधल्या बोटाच्या कडेला फोड दिसतो. दांडीची जाडी दुप्पट केली तर तेवढाच जोर दुप्पट परिघावर पसरतो आणि कातडीवरचा दाब निम्म्याच्या आसपास येतो. जाड दांडीसाठी बोटं पुरती मिटावीही लागत नाहीत. ज्याची मूठ मिटत नाही त्याच्यासाठी सगळा खेळ इथेच आहे.

एवढ्याने काम झालं असतं तर जाड पेनं घाऊक बनवून वाटता आली असती. तसं होत नाही, कारण दोन हात सारखे नसतात. संधिवाताच्या हाताला स्पर्श असतो पण दुखतं. त्याला हलकं, मऊ आणि जाड हवं. अर्धांगवायूनंतर उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्याने लिहायचं असतं. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो, म्हणून त्याला लगेच वाळणारी शाई हवी. कंपवाताच्या माणसाचं अक्षर ओळीच्या शेवटापर्यंत बारीक होत जातं. अशा काहींना उलट वजनदार पेनाने हात स्थिर झाल्यासारखा वाटतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची मूठ घट्ट आवळलेली असते. त्याला आडव्या दांड्याचं, मुठीतच धरायचं पेन जमतं. अंगठा दुबळा असेल तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात पेन अडकवून लिहिता येतं, ही युक्ती फार जणांना ठाऊक नसते आणि तिला एक पैसाही लागत नाही. इतक्या तऱ्हांना कारखान्याचा एक साचा पुरणार नाही. हे हाताचंच काम आहे, एकेका माणसासमोर बसून करायचं.

ते कसं होतं हे मी आमच्या घरात पाहिलं. माझे थोरले मामा गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे सचिव होते. उभी हयात खातेवह्या लिहिण्यात गेली. अक्षर असं की तालुक्याचे साहेब वही हातात घेऊन बघत बसत. निवृत्तीनंतर एका दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन काढणीला, थ्रेशरमध्ये उजवा हात गेला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून तुटलं, अंगठा वाचला पण सांध्यात ताठला. वऱ्हाडात थ्रेशर आणि कडबा कटर या दोन यंत्रांनी किती हात अधू केले याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. जखम भरली. पुढे पैसे काढायला बँकेत गेले तर सही जुळेना. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, अंगठा लावा. मामा घरी येऊन ओसरीवर बसले ते बोलेचनात. संध्याकाळी एवढंच म्हणाले, “अंगठा कशाले लावू रे? मी का निरक्षर हाये?”

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी किंवा अपंग खातेदाराला हाताचा, तो नसेल तर पायाचाही अंगठा उमटवून दोन साक्षीदारांसमक्ष पैसे काढता येतात. सोय चांगली आहे, अनेकांचं त्यावर चालतं. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या अंगठ्यांपुढे “याचा अंगठा” असं स्वतःच्या हाताने लिहिलं, त्याला ती सोय पुरेशी वाटली नाही.

गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने मामांचा हात उलटा-सुलटा करून पाहिला, बोटं चाचपली, कुठे दुखते विचारलं. मग मामीला म्हणाला, “बाई, कणकेचा गोळा द्या थोडा, घट्ट. मीठ टाका त्यात.” पेनाच्या कांडीभोवती कणीक थापून त्याने ती मामांच्या हातात दिली. “धरा. दाबू नोका. लिवल्यासारखं करा फक्त.” मामांनी हवेत सही केली. कणकेवर अंगठ्याची खोबण उमटली, समोर अनामिकेची, आणि मागचा भाग अंगठ्याच्या बेचक्यात बसला तिथे उतार आला. ती तशीच सावलीत वाळवली. मिठामुळे ती टणक झाली, तडकली नाही. मिस्त्रीच्या हाती मामांच्या हाताचा साचा आला.

लाकूड त्याने शिवणीचं घेतलं. मेळघाटात शिवण होते. हलकी, तंतू सरळ, खरादावर काततानाही ती उकलत नाही. सागाचा तुकडा पडलेला होता, तो त्याने बाजूला सारला. “साग जड पडते. ह्या हाताले वजन नोको.” खरादावर आधी भोवऱ्यासारखा आकार कातून घेतला, मग पटाशी आणि कानशीने खोबणी उतरवल्या. रिफिलीसाठी भोक पाडलं ते मधोमध नाही, तिरकं, कारण मामांचा हात मनगटातून बाहेर वळून टेकत होता. सरळ भोक पाडलं असतं तर टोक कागदावर आलंच नसतं. आतून कोरून वजन आणखी उतरवलं. एका बाजूला पट्टी काढली, म्हणजे मेजावरून गडगडत जाणार नाही. वॉर्निश लावू दिलं नाही; घामेजल्या हातात वॉर्निश निसरडं होतं. जवसाचं तेल चोळून चोळून मुरवलं. त्यात जेलची रिफील बसवली, कारण जेलला बॉलपेनपेक्षा कमी दाब लागतो. फाउंटन पेनची निब याहून हलकी चालते, पण टोपण फिरवायला आणि शाई भरायला दोन धड हात लागतात. मामांना ते रोज कुणाला सांगावं लागलं असतं.

मामांनी पहिल्यांदा लिहिलं ते मोठ्या अक्षरात, बोटांतून नव्हे तर खांद्यातून हात हलवत. पूर्वीची सही परत आली नाही, नवी आली. जरा ऐसपैस, शेवटच्या अक्षराखाली जुनी रेघ तेवढी कायम. ती नमुना सही म्हणून बँकेत नोंदवता येते, अर्ज केला की झालं. मामी मिस्त्रीला पैसे विचारू लागल्या तर तो म्हणाला, “मामाजीनं माह्या बापाचं कर्ज लिवलं, फेडलं तेही लिवलं. राहू द्या.”

मिस्त्रीने जे आपल्या अकलेने केलं त्याचं शास्त्र आहे, शाळा आहे आणि त्याची भारतातली सुरुवात एका मराठी घरातून झाली आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, ते देशातलं पहिलं. आजारानंतर माणसाला त्याचं रोजचं काम परत करता यावं, जेवता यावं, बटण लावता यावं, लिहिता यावं, हा त्या शास्त्राचा विषय. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. म्हणजे हाताची मापं घेऊन दांडी कशी ठरवायची, मनगट कुठल्या कोनात ठेवायचं, हे शिकलेली मुलं-मुली विदर्भातच तयार होतात. पण ती पुढे कुठे जातात? मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. मोर्शी-चांदूरबाजारच्या माणसाला या शास्त्राचं नावही माहीत नसतं. तो सरळ लिहिणं सोडून देतो.

जुन्या लेखणीकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. महानुभावांच्या पोथ्या पाहा, हातकागदावर बोरूने उतरवलेल्या. बोरूची काडी पोकळ, म्हणून हलकी, बॉलपेनाहून जाड, आणि शाई पातळ, म्हणून रेटावी लागत नाही. कत, म्हणजे टोकाचा तिरपा काप, कुठल्या कोनात छाटायचा हे ज्याचं त्याने हाताच्या वळणाप्रमाणे ठरवायचं. डावखुऱ्याने उलटा कत घ्यायचा. लेखणी ज्याची त्याने घडवायची हीच रीत होती. मोडी लिपीची गंमत याहून पुढची. आधी पानभर आडव्या शिरोरेषा ओढून घ्यायच्या आणि मग त्याखाली अक्षरं शक्यतो हात न उचलता जोडत जायची. अधू हाताला सगळ्यांत महाग पडतं ते पेन उचलून पुन्हा नेमक्या जागी टेकवणं. दिवाणजींचं उतरतं मेजही असंच. कागद तिरका असला की मनगट आपोआप योग्य कोनात येतं. आज थेरपिस्ट उतरत्या फळीवर लिहायला सांगतात. बाळबोध लिहिणाऱ्यालाही एक ओळ पूर्ण लिहून शेवटी एका दमात शिरोरेषा ओढता येते, त्यात बरीच उचल वाचते. मोडीचे वर्ग जागोजागी निघतात, फार चांगलं आहे. त्या वर्गात एखादा दिवस अशा हातांसाठीही असावा.

आणि जाड, हलक्या, हाताने कातलेल्या पेनांची परंपरा आपल्याकडे आहेच. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते लाकडासारखं खरादावर कातता येतं, धातूसारखं थंड लागत नाही, वजनाला हलकं असतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी पेन घडवलं, ते गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्यामार्फत १९३५ मध्ये वर्ध्याला पोचलं, आणि गांधीजींनी ते वापरून पाहून तिथून पावतीचं पत्र पाठवलं. गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीत राहत तो हा काळ. याच वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. खुद्द गांधीजींचा उजवा हातही लिहून लिहून दमत असे; १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा थकला की ते डाव्याने लिहीत आणि मूळ हस्तलिखितात डाव्या हाताची ती पानं आजही वेगळी ओळखू येतात.

तपोवनाची आठवण इथे आलीच पाहिजे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना सगळे दाजीसाहेब म्हणत, ते अमरावतीत होमिओपॅथीचा चांगला चालणारा दवाखाना असलेले डॉक्टर. त्यांनी ‘महारोगी’ म्हणून घराबाहेर काढलेल्यांसाठी माळरानावर जगदंबा कुष्ठनिवास वसवला, तेच हे तपोवन. तिथे शेती झाली, विणकाम झालं, सुतारकाम झालं. भीक मागावी लागणारे हात कामाला लागले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला आणि डॉ. जाल मेहतांच्या कार्यशाळा पुण्याला उभ्या राहिल्या. या सगळ्यांनी एक गोष्ट पक्की करून ठेवली: अधू हात उत्तम वस्तू घडवू शकतो. तेव्हा अधू हातासाठी पेन घडवायचं तर ते घडवणारे हातही तसेच असू शकतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत जास्त जाणते असतील. कुठली कड बोचणार हे त्यांना पुस्तकात पाहावं लागणार नाही. पेनाच्या दांडीसाठी बांबू हवा असेल तर मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. कोरकू कारागिरांनी तिथे बांबूचं काय काय केलं ते एकदा जाऊन पाहावं.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो, कारण पालकांना ती माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत, त्यात कुष्ठमुक्त व्यक्तीही आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. पूर्वी ४० टक्क्यांचा दाखला नसेल तर लेखनिक नाकारला जाई. विकास कुमार या वैद्यकीय पदवीधर उमेदवाराला लिहिताना बोटांत पेटका येत असे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांना लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की टक्केवारीच्या अटीवर हे साहाय्य अडवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. बोटांचे ठसे न उमटणाऱ्यांसाठी आधारची नोंदणी डोळ्यांच्या बुबुळांवरून करता येते, हेही अनेक कुष्ठमुक्तांना ठाऊक नसल्याने त्यांची पेन्शन अडकते.

लेखनिक हा हक्क आहे आणि ज्याला हवा त्याला तो विनासायास मिळालाच पाहिजे. पण मला खटकतं ते असं की शाळेत मूल लिहिताना अडखळलं की आपण एकतर अक्षर सुधार म्हणून दटावतो, नाहीतर थेट दहावीला लेखनिक देतो. मधल्या दहा वर्षांत त्याच्या हातात कधी वेगळं पेन देऊन पाहिलेलं नसतं. लेखनिक तीन तास भेटतो. वहीत चित्राशेजारी चार शब्द लिहायला, मैत्रिणीला चिठ्ठी पाठवायला, पुस्तकावर आपलं नाव घालायला लेखनिक मिळत नाही. कविता तर लेखनिकाला सांगून होणारही नाही; निदान पहिली तरी नाही.

मोबाइलवर बोललं की मराठी आपोआप टाइप होतं, मग पेन कशाला, असं विचारणारे भेटतात. ज्याला ते सोयीचं त्याने जरूर वापरावं. हात पूर्ण गेलेल्यांना तर ते वरदान आहे. रोटरीच्या शिबिरांत मोफत बसवला जाणारा एलएन-४ हा कृत्रिम हातही पेन पकडू शकतो, तोही वापरावा. पण आमच्याकडे शेताचा फेरफार, सोसायटीचं कर्ज, ग्रामसभेचं रजिस्टर, मुलीच्या शाळेचा दाखला, सगळीकडे सही लागते, आणि ती आपल्या हाताची असावी असं ज्याला वाटतं त्याचं वाटणं जुनाट नाही.

घरच्या घरी करायचं असेल तर फार सामान लागत नाही. नळाला गुंडाळायचा फोमचा पाइप, सायकलची जुनी ट्यूब, क्रिकेटच्या बॅटची ग्रिप, यांतलं काहीही पेनावर चढवून जाडी वाढवता येते. एम-सील वापरलं तर ओलं असताना उघड्या हाताने धरू नये, मध्ये प्लास्टिकचा कागद घ्यावा. बधिर हात असेल तर काही पथ्यं कटाक्षाने पाळावीत. पेन हाताला रबरबँडने आवळून बांधू नये, रक्त अडतं आणि माणसाला कळत नाही. पंधरा-वीस मिनिटं लिहून झालं की पेन खाली ठेवून हात उजेडात धरून पाहावा. कुठे लाल डाग उठला असेल आणि तो लवकर जात नसेल तर तिथली कड घासून काढावी. धातूचं पेन देऊच नये. अकोल्यात, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२० च्या मेमध्ये अकोल्याने ४७ अंश ओलांडले होते. उन्हात राहिलेला धातू बधिर बोटाला भाजून काढतो आणि फोड आल्यावरच समजतं.

रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला माझी जाहीर विनंती आहे. विद्यापीठ नवं आहे, त्याच्या रीती अजून पडायच्या आहेत. एका खोलीत एक खराद, एक मिस्त्री, आठवड्यातून एकदा येणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि तपोवन-कोठाऱ्यातली जाणती माणसं, एवढी लेखणीशाळा सुरू करा. जिल्ह्यातल्या ज्या कुणाला पेन धरवत नाही त्याने यावं, हाताचा साचा द्यावा आणि आपली लेखणी घेऊन जावं. लाकूड मेळघाटात आहे, तेल जवसाचं आहे, कारागीर गावोगाव हाताला काम शोधत बसले आहेत. खर्च एका परिसंवादाच्या मांडवाहून जास्त येणार नाही.

आणि हा अंक हातात घेतलेल्या वाचकांनो, लक्ष्मीपूजनाला वह्या पुजाल तेव्हा घरातलं, शेजारातलं कुणी लिहिणं सोडून बसलंय का, हे विचारा. असेल तर थोडी घट्ट कणीक मळा, मीठ घाला, पेनाभोवती थापा आणि त्यांच्या हातात द्या. साचा वाळला की गावातला सुतार गाठा. बाकीचं त्याला समजतं.